चांदीला टूथपेस्ट लावू नका!

चांदी टूथपेस्टने उजळवा असं सांगणाऱ्याच्या हाती घरातलं एकही पैंजण देऊ नये. टूथपेस्टमध्ये सिलिका किंवा खडूची भुकटी असते, ती दातांच्या टणक कवचासाठी. चांदी त्यापुढे फारच मऊ. ब्रश फिरला की बारीक ओरखडे उठतात आणि मूळची झळाळी कायमची जाते.

‘महिन्यात काळं पडलं, सोनाराने फसवलं’ हे रडगाणंही पुरे झालं. ९२५ची चांदी म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी, बाकी बहुधा तांबं. पण शुद्ध चांदीसुद्धा काळवंडते, कारण हवेतला गंधक तिला लागतो आणि वर सिल्व्हर सल्फाइडचा थर धरतो. तो मळ नव्हे. त्या थरात तुमचीच चांदी आहे आणि खसाखसा घासलीत की ती मोरीत जाते. दर लक्ष्मीपूजनाला घासून सपाट केलेले राणीछाप रुपये मी पाहिले आहेत: राणीचं नाक गेलेलं, मुकुटाच्या जागी नुसता उंचवटा. त्या रुपयाचं मूळ वजन ११.६६ ग्रॅम. घरातला काट्यावर ठेवून बघाच.

सगळ्यात संताप येतो तो ऑक्सिडाइज्ड दागिने पांढरेफटक करणाऱ्यांचा. कारागिराने नक्षी उठून दिसावी म्हणून खाचा मुद्दाम काळ्या केल्या, उंचवटे तेवढे उजळले. तुम्ही बाटलीतल्या द्रावणात बुडवून त्याची सगळी मेहनत पुसून टाकता. काय मिळवलंत?

रोजच्या चांदीला कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडकं पुरतं. फार काळवंडली तर काचेच्या भांड्यात अॅल्युमिनियम फॉइल, त्यावर कढत पाणी आणि खायचा सोडा. दागिना फॉइलला टेकलाच पाहिजे. गंधक अॅल्युमिनियमकडे जातो, चांदी जागेवर राहते. सडक्या अंड्यासारखा वास येईल, खिडकी उघडी ठेवा. मोत्यांचे, खड्यांचे आणि ऑक्सिडाइज्ड दागिने मात्र यात कधीही घालू नका. ठेवताना कोरडे करून बंद पिशवीत ठेवा आणि रबरबँड गुंडाळू नका, रबरातही गंधक असतो.

आणि दारावरचा पॉलिशवाला? त्याच्या बाटलीतल्या आम्लात चांदी विरघळते आणि ती बाटली तो सोबत घेऊन जातो. त्याला फाटकातूनच परत पाठवा.