आधी रूळ, मग घर

नवे घर दाखवताना बिल्डर हमखास सांगतो, ‘स्टेशन इथेच होणार आहे!’ पण ‘होणार’ आणि ‘झाले’ यांच्यामध्ये संसाराची किती वर्षे निघून जातात, ते नवी मुंबईकरांना विचारावे.

सिडकोची स्थापना १९७० सालची. खाडीपलीकडे वाशीत वसाहती उभ्या राहिल्या, पण मानखुर्दहून लोकल तिथे पोहोचली १९९२ मध्ये. तोवर मुंबईच्या नोकरीसाठी बसच्या रांगेत उभे राहणे आलेच. या मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा सिडकोने उचलला, ३३ टक्के रेल्वेने. गाडी आली की जागेचा भाव वाढतो, त्याच वाढीतून रुळांचा खर्च काढायचा, असा हा हिशेब. वाशी स्टेशनच्या इमारतीतच कार्यालये आणि दुकानेही बांधली गेली.

उलव्यातही इमारती आधी आल्या. नेरुळ-उरण मार्गावर खारकोपरपर्यंत लोकल धावली २०१८ मध्ये, उरणपर्यंत २०२४ मध्ये.

स्टेशनभोवती नुसती घरे असून भागत नाही. शाळा, दवाखाना, मंडई आणि कामाची ठिकाणेही पायी जाण्याच्या अंतरावर हवीत. नाहीतर सकाळी अवघी वस्ती एकाच दिशेला धावते आणि आईबाबा परततात तेव्हा मुले झोपलेली असतात.

म्हणून घर बघायला जाल, तेव्हा नकाशावरच्या ठिपक्यावर विसंबू नका. कामाच्या दिवशी सकाळी तिथून निघून ऑफिस गाठून पाहा. खरी किंमत तेव्हाच कळेल.