बदकाच्या पिल्लाला हात कधी लावायचा?



या वेळचा लेख कॉम्प्युटरवरचा नाही, एका थर्माकोलच्या डब्याविषयी आहे. रामाकोन्याच्या घरी मी त्या डब्याचं इन्क्युबेटर केलं आहे. आत एक बल्ब, एक थर्मोस्टॅट, जुन्या कॉम्प्युटरमधला पंखा, पाण्याची वाटी आणि तापमान व दमटपणा मोजणारा एक छोटा सेन्सर. सेन्सर दर मिनिटाला आकडे माझ्या फोनवर पाठवतो. बीई झालेल्या माणसाला अंडी उबवायची तर निदान एवढं तरी हवंच, असं मला वाटत होतं.

गेल्या चैत्रात त्यात बदकाची सात अंडी होती. आठव्या दिवशी अंधारात टॉर्च लावून पाहिलं तेव्हा एक फळलेलं नव्हतं, ते काढलं. उरली सहा. कोंबडीचं पिल्लू 21 दिवसांत निघतं, साध्या बदकाला 28 दिवस लागतात. पंखा असलेल्या डब्यात तापमान साडेसदतीस अंशांच्या आसपास ठेवायचं, अंडी दिवसातून चार-पाच वेळा फिरवायची, आणि 25व्या दिवसापासून फिरवणं बंद करून दमटपणा सत्तर टक्क्यांच्या आसपास न्यायचा. तिथून पुढे झाकण उघडायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. पाळलं मात्र नाही.

आधी मागच्या वर्षाचं सांगतो, कारण त्याशिवाय या वर्षाची भीती कळणार नाही. मागच्या वर्षी एका पिल्लाने टरफलाला टवका पाडला आणि पुढचे आठ तास काहीच हाललं नाही. मला वाटलं, दमलं बिचारं. मी चिमट्याने टरफल सोलायला घेतलं. आतल्या पापुद्र्यातून रक्त आलं, आणि अर्ध्या तासात ते पिल्लू माझ्या तळहातावर गेलं. भाची शेजारीच उभी होती. तेव्हा ती सात वर्षांची होती. लिंबाच्या झाडाखाली आम्ही त्याला पुरलं, आणि त्या दिवशी ती माझ्याशी बोलली नाही.

नंतर वाचून कळलं की ते दमलेलं नव्हतं, कामात होतं. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. निघायच्या वेळी पिल्लू आधी त्या पोकळीत चोच घालतं आणि पहिल्यांदा फुप्फुसांनी श्वास घेतं. मग चोचीच्या टोकावर असलेल्या कठीण दाण्याने टरफलाला टवका पाडतं. तोवर त्याला प्राणवायू मिळत असतो तो टरफलाला आतून चिकटलेल्या पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्यांतून. टवका पडल्यावर त्या वाहिन्यांमधलं रक्त हळूहळू पिल्लाच्या अंगात परत जातं. उरलेला पिवळा बलक बेंबीतून पोटात ओढला जातो आणि बेंबी मिटते. हे सगळं उरकलं की पिल्लू आत गोल फिरत टरफल कापतं आणि टोपण ढकलून बाहेर येतं. बदकात टवक्यापासून बाहेर येईपर्यंत एक दिवस सहज जातो, दोन दिवसही जातात. आठव्या तासाला मी रक्ताने भरलेला पापुद्रा फाडला होता.

तर या वर्षी. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या सुमारास शेवटच्या अंड्याला टवका दिसला. बाकीची पाच शुक्रवारभर एकेक करून निघाली, आपापली, कुणाचीही मदत न घेता. भाची परीक्षा संपवून आली होती. प्रत्येक पिल्लू निघालं की ती ओरडायची, मी झाकण उघडायचो, पिल्लू उचलायचो, फोटो काढायचो, संत्र्याच्या खोक्यात बल्बखाली ठेवायचो.

मोठी आई ओसरीवरून बघत होती. तिने आयुष्यभर कोंबड्या पाळल्या, बदकाची अंडीही खुडूक कोंबडीखाली बसवली.

"बाबू, तू काहून घडीघडी झाकण उघडून रायला?" ती म्हणाली. "कोंबडी उठते का अशी अंड्यावरून?"

मी हसलो. माझ्याकडे सेन्सर होता ना!

शनिवारी सकाळी सहा वाजता त्या अंड्याला छत्तीस तास झाले. टवका तेवढाच होता. त्यातून दिसणारा पापुद्रा आदल्या दिवशी ओलसर पांढरा होता, आता पिवळट, कागदासारखा कोरडा झाला होता. चोच हालत होती, पण अंग फिरत नव्हतं. आतला आवाजही बारीक झाला होता.

मग मी फोनवर शुक्रवारचा आलेख उघडला. दमटपणाची रेष करवतीच्या दात्यांसारखी दिसत होती. झाकण उघडलं की रेष धाडकन खाली, मग अर्धा-पाऊण तास हळूहळू वर, तोवर पुन्हा झाकण उघडलेलं. दिवसभरात मी चौदा वेळा झाकण उघडलं होतं. बाहेर आपल्याकडची चैत्रातली कोरडी हवा. त्या हवेने पापुद्रा वाळवून पिल्लाच्या पिसांना चिकटवला होता. गंमत म्हणजे निघालेल्या पिल्लांना बाहेर काढायची घाईच नव्हती. पोटात ओढलेल्या बलकावर पिल्लू एक-दोन दिवस काही न खाता राहू शकतं. फोटोची घाई तेवढी आमची होती.

मोठी आईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "बदकाच्या अंड्याले पाणी लागते, बाप्पा. आमी कोंबडीखाली ठेवत होतो तं शेवटल्या आठ दिवसांत रोज कोमट पाण्याचा हात फिरवत होतो. बदकीण तं ओल्या पंखानंच येऊन बसते."

सगळा मुद्दा तिने तीन वाक्यांत सांगितला होता.

मी हात धुवायला उठलो तशी भाची डब्याच्या आडवी उभी राहिली. "मामा, तू हात नको लावू. मागच्या वेळेस मेलं होतं."

तिला काय सांगणार? ती बरोबर होती. व्हॉट्सॲपवर ती कोशातल्या फुलपाखराची गोष्ट फिरते, तुम्हीही वाचली असेल. माणूस दया येऊन कोश कापतो आणि फुलपाखराला कधीच उडता येत नाही. तात्पर्य, धडपड करू द्या. मागच्या वर्षीच्या पिल्लाला ते लागू होतं. पण या पिल्लाची धडपड त्याला बळ देत नव्हती. ते अडकलं होतं, आणि अडकवलं होतं मी. उशीर होणं आणि अडकणं बाहेरून सारखंच दिसतं. फरक कळायला किती तास झाले, पापुद्रा ओला आहे की वाळला, अंग फिरतंय का, एवढं पाहावं लागतं.

मी भाचीला म्हटलं, "तू टॉर्च धर. लाल दिसलं की 'थांब' म्हण. मी थांबीन."

सात वाजता सुरुवात केली. इअरबड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, टवक्याभोवतीचा पापुद्रा ओला केला. नाकपुड्यांत पाणी जाऊ दिलं नाही. ओला झाला की पापुद्रा पारदर्शक होतो आणि आतलं दिसतं. लाल रेषा दिसल्या.

"थांब!"

थांबलो. फक्त हवेच्या पोकळीवरचे टरफलाचे दोन तुकडे काढले, तिथे रक्त नसतं. डब्यात गरम पाण्यात भिजवलेलं फडकं ठेवलं आणि झाकण लावलं. अकरा वाजता पुन्हा ओलं केलं, पुन्हा लाल, पुन्हा थांबलो. तीन वाजता रेषा बारीक झाल्या होत्या. मधल्या चार-चार तासांत काही न करणं हे सगळ्यात अवघड काम होतं. मी फोन आत ठेवून दिला होता.

संध्याकाळी सात वाजता पापुद्रा ओला केला आणि भाची काहीच बोलली नाही. टॉर्च अगदी जवळ नेला. लाल कुठेच नव्हतं. तेव्हा चोचीवरचा आणि डोक्यावरचा पापुद्रा हलकेच मागे सारला, मान मोकळी केली आणि खालचं अर्धं टरफल तसंच राहू दिलं. बलक पूर्ण आत गेला आहे की नाही हे वरून कळत नाही, म्हणून शेवटचा भाग पिल्लाने स्वतःच सोडायचा असतो.

रात्री नऊ चाळीसला त्याने पाय ताणले आणि टरफलातून बाहेर आलं. बेंबी मिटलेली होती. पिसांना वाळका पापुद्रा चिकटलेला होता, तो दुसऱ्या दिवशी कोमट पाण्याने सोडवला. पहिले दोन दिवस ते बाकीच्यांपेक्षा हळू चाललं, मग कळपात कोणतं कोणतं ते ओळखू येईना.

तुमच्यापैकी कुणी घरी अंडी उबवणार असेल तर एवढं ध्यानात ठेवा. टवका पडल्यावर पहिला पूर्ण दिवस काहीही करू नका. पापुद्रा ओला आहे आणि पिल्लू आवाज देतंय, तोवर झाकण बंद. मदत करायचीच झाली तर आधी पाणी, मग प्रकाश, आणि लाल रेषा दिसली की हात मागे. रक्ताचा थेंब आलाच तर स्वच्छ कापसाने हलकेच दाबून धरा आणि त्या वेळेपुरतं काम सोडा. पिण्याच्या पाण्याचं भांडं चोच नाकपुड्यांपर्यंत बुडेल इतकं खोल हवं, पण त्यात खडे टाका, म्हणजे पिल्लू बुडणार नाही.

डब्याच्या झाकणावर आता भाचीने कागद चिकटवला आहे. स्केचपेनने मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'मामा, उघडू नको.' खाली मोठ्या आईच्या सांगण्यावरून एक ओळ वाढवली आहे, 'पाणी पाहा.'