मामाजींची सायकल बंद करण्याआधी

नाकाडोंगरीहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. सासरे बहात्तर वर्षांचे, अंगाने काटक. रक्तदाबाच्या एका गोळीवाचून दुसरे औषध नाही. रोज सकाळी सायकलने बांधीकडे जातात, येताना दूध आणि भाजी घेऊन येतात. गेल्या दोन महिन्यांपासून उजवा गुडघा दुखतो म्हणतात, आणि मध्यंतरी सायकलवरून उतरताना एकदा पडले. थोडक्यात निभावले, पण घरच्यांनी सायकलला कुलूप घातले. तेव्हापासून मामाजी नीट जेवत नाहीत, कोणाशी बोलत नाहीत. घरच्यांचे चुकले काय, असा त्यांचा प्रश्न आहे.

भीती रास्त आहे. या वयात खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरुण आणि परावलंबन अशी साखळी सुरू होते. परंतु कुलूप घालण्याने दुसरी साखळी सुरू होते, तीही लक्षात घ्यावी. मांड्यांचे स्नायू वापर थांबताच झपाट्याने क्षीण होतात, तोल बिघडतो, भूक आणि झोप दोन्ही उणावतात, आणि माणूस घरातल्या घरात पडू लागतो. म्हणून माझी विनंती अशी की, निर्णय घेण्याआधी मामाजींबरोबर सायकलचीही तपासणी करावी. वयाला लावलेला पुष्कळसा दोष प्रत्यक्षात यंत्राचा असतो.

गुडघ्यापासूनच आरंभ करू. पायडलचा दांडा मधल्या आसाला ज्या खिळीने जखडलेला असतो, तिला मिस्त्री कॉटर पिन म्हणतात. ही पिन झिजली की प्रत्येक फेरीला एका ठरावीक जागी ‘कट्’ असा हिसका बसतो. वृद्ध माणसाला वाटते, आपला गुडघाच वाजतो आहे. परीक्षा सोपी आहे. सायकल स्टँडवर घ्यावी, एक पायडल हाताने घट्ट धरून ठेवावे आणि दुसरे मागेपुढे हलवावे. दोन्ही दांडे एकजीव न हलता त्यांच्यात अंतर जाणवले, तर पिन बदलण्याची वेळ झाली आहे. वाकडे झालेले पायडलही असाच छळ करते. पाऊल दर फेरीत किंचित मुरगळत राहते आणि त्याचा जाब गुडघ्याला द्यावा लागतो. पायडल घरी बदलणार असाल तर एक ध्यानात असू द्यावे: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. नेहमीच्या दिशेने पाना फिरवला तर ते अधिकच आवळले जाते.

गुडघ्याचा दुसरा शत्रू म्हणजे खाली उतरवलेली गादी. पडण्याच्या भीतीने मुले वडिलांची गादी अगदी खाली करतात. त्यामुळे गुडघा प्रत्येक फेरीत फार दुमडतो आणि वाटीच्या हाडामागे ताण येतो. गादीवर बसून टाच खाली आलेल्या पायडलवर ठेवली असता पाय जवळजवळ सरळ व्हावा, ही सर्वसाधारण उंची होय. वृद्धांसाठी त्याहून बोटभर कमी चालेल. थांबल्यावर चवडा निश्चिंतपणे जमिनीला लागला पाहिजे.

आता चाक. नाकाडोंगरी तुमसर तालुक्याच्या उत्तर टोकाला, मध्य प्रदेशाच्या सीमेजवळ आहे. एकीकडे धानाच्या बांध्या, दुसरीकडे डोंगरी बुजुर्ग आणि चिखला येथील मँगनीजच्या खाणी. चिखल आणि धूळ हे दोघेही चाकाचे वैरी या मुलखात एकत्र नांदतात, शिवाय जड वाहनांची वर्दळ. अशा रस्त्यावर रिमला ‘आउट’ येतो, म्हणजे चाक फिरताना डावी-उजवीकडे डोलते. काळ्या उंच सायकलच्या २८ इंची चाकांत बहुधा पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात. या तारा रिमला टेकू देत नाहीत. त्या तिला सर्व बाजूंनी मध्याकडे ओढून धरतात. एक तार सैल पडली की समोरच्या बाजूची ओढ वरचढ होते आणि रिम तिकडे झुकते. मग शेजारच्या तारांवर अधिक भार येतो, त्याही सैलावतात किंवा तुटतात. एक तुटलेली तार महिनाभर तशीच ठेवणे म्हणूनच महाग पडते.

तपासण्याची रीत अशी: चाक उचलून हळू फिरवावे आणि ब्रेकचे रबर व रिम यांतील फट पाहावी. फट कमी-जास्त होत असेल तर आउट आहे. नंतर तारा एकेक करून बोटाने छेडाव्यात. एका बाजूच्या सर्व तारांचा सूर साधारण सारखा यावा. एखादी ‘भद्द’ बोलली तर ती सैल. (मागच्या चाकात फ्रीव्हीलच्या बाजूचा सूर थोडा चढा असतो, त्याची चिंता नको.) ज्या आजोबांना भजनाचा कान आहे त्यांना हे काम सोपवून पाहा, ते मिस्त्रीपेक्षा लवकर दोष सांगतील. मात्र आउट काढणे हे कसबी हाताचे काम आहे. निपल पाव फेरा इकडे, पाव फेरा तिकडे, असा तो हिशेब असतो, आणि उत्साहाने आवळलेल्या तारा चाक आणखी वाकडे करतात. ते मिस्त्रीकडेच द्यावे.

चाक वरच्या बाजूला धरून आडवे हलवल्यास खडखड जाणवते काय, हेही पाहावे. जाणवल्यास हबमधील कोन सैल आहे किंवा छर्रे झिजले आहेत. रोवणीच्या दिवसांत चिखलपाण्यातून गेलेल्या सायकलचे हब दसरा-दिवाळीच्या सुमारास उघडून, छर्रे रॉकेलने धुऊन, नवे ग्रीस भरून घ्यावे. मागच्या हबचे छर्रे पाव इंची असतात. एक खराब निघाला तर त्या बाजूचे सगळेच बदलावेत, किंमत नगण्य असते.

हवेकडे घरोघरी दुर्लक्ष होते. रबरातून हवा हळूहळू पाझरतेच, पंक्चर असो वा नसो. आठवड्यातून एकदा तरी हवा भरावी. किती, ते टायरच्या कडेला छापलेले असते. मऊ टायरवर सायकल ओढणे म्हणजे सपाट रस्त्यावर चढ चढणे, आणि वयस्क हृदयाला व गुडघ्याला तो चढ खरा वाटतो. वारंवार हवा जात असेल तर ट्यूबला दोष देण्यापूर्वी वॉलट्यूब पाहावी. तो चिमुकला रबराचा तुकडा उन्हाने विरतो. वॉलवर थुंकीचा थेंब लावला आणि बुडबुडा आला, की चोर सापडला. टायरच्या कडांना भेगा असतील, आतील सूत दिसत असेल, तर काटकसर करू नये. पुढचे टायर धावताना फुटले तर हँडल आवरत नाही.

हवेच्या टायरचा इतिहासही आपल्या पाक्षिकाला शोभणारा आहे. बेलफास्टमध्ये गुरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला बसणारे हादरे कमी व्हावेत म्हणून हवेची नळी चाकावर बसवली आणि १८८८ साली तिचे पेटंट घेतले. मुलाच्या पाठीला सोसेल असे चाक त्यांना हवे होते. आजोबांच्या पाठीलाही तेच लागू आहे: भरलेली हवा आणि नरम गादी असेल तर मणक्यांवरचे निम्मे संकट टळते.

ब्रेकविषयी मात्र मी कठोर आहे. जुन्या सायकलींना सळईचे ब्रेक असतात आणि रिम पोलादी. ओली झालेली पोलादी रिम रबराला जवळजवळ दाद देत नाही. कोरड्या दिवशी चार हातांवर थांबणारी सायकल पावसात कितीतरी पुढे जाऊन थांबते. पावसात उतार येण्याआधीच ब्रेक हलके दाबून धरावेत, म्हणजे रिम पुसली जाते. रबर झिजून आतील लोखंड रिमला लागू लागले तर सायकल त्याच दिवशी बंद ठेवावी. साखळीला तेल देताना थेंब रिमवर सांडू देऊ नये. आणखी एक गोष्ट फार कमी जण पाहतात: वृद्धाच्या बोटांत ब्रेक ओढण्याइतके बळ उरले आहे काय? संधिवात असलेल्यांना सळई आवळून, सांध्यांना तेल देऊन ब्रेक हलका करून द्यावा. ब्रेक ओढताना मामाजींचे मनगट थरथरत असेल तर यंत्र निर्दोष असूनही उपयोग नाही.

साखळी मध्यभागी अर्धा-पाऊण इंच वरखाली हलावी. फार ढिली साखळी चढावर घसरते, जोर देणारे पाऊल एकाएकी रिकामे जाते आणि माणूस कोसळतो.

पत्रातील मामाजी उतरताना पडले, ही बाब महत्त्वाची आहे. मागच्या कॅरिअरवरून पाय फिरवून उतरण्याची सवय जन्माची असते, पण खुब्याचा सांधा आता तितका वळत नाही. मधला दांडा नसलेली, ज्याला आपण लेडीज सायकल म्हणतो ती, या वयातील पुरुषांनी निःसंकोच वापरावी. यात लाज वाटून घेण्याजोगे काही नाही, आणि घरच्यांनी थट्टाही करू नये.

शरीराच्या तपासणीत पुढील गोष्टी पाहाव्यात. उठून उभे राहताना भोवळ येते काय. येत असल्यास रक्तदाबाच्या गोळीविषयी डॉक्टरांना विचारल्यावाचून सायकल नको. मधुमेहींच्या तळव्यांना पायडल जाणवते काय. त्यांनी चपलेऐवजी बंद जोडा घालावा. मागून ट्रकचा आवाज आल्यास मान वळवून पाहताना सायकल भरकटते काय. मोकळ्या मैदानात कोणी बरोबर राहून हे करवून पाहावे. ओळखीचा रस्ता चुकू लागला असेल, किंवा अंधूक दिसत असेल, तर तूर्त सायकल थांबवणेच योग्य. रक्त पातळ करणारी औषधे चालू असताना डोक्याला मार लागला, तर जखम दिसो न दिसो, तत्काळ रुग्णालयात न्यावे. मागच्या मडगार्डवर लाल परावर्तक आणि अंगात फिकट सदरा असावा, सांजवेळी निघूच नये.

यातील काही जमले नाही, तरी सायकल घरात राहू द्या. गावोगावी अनेक वृद्ध सायकलवर बसत नाहीत, हँडल धरून तिच्यासोबत चालतात. ती काठीही होते आणि हमालही. मात्र अशा सायकलचे ब्रेक शाबूत हवेत, सामान कॅरिअरच्या एकाच बाजूला लटकवू नये, आणि चालणाऱ्याने उताराला दोन्ही हात ब्रेकवर ठेवावेत. मामाजींना प्रथम आठवडाभर एवढेच करू द्यावे. दरम्यान कॉटर पिन बदलून घ्यावी आणि उजवा गुडघा अजूनही दुखतो काय, ते मला कळवावे.