आधी मालकी, मग धंदा



आफ्रिकेतल्या गरीब खेड्यांना काय पाहिजे? मोठमोठ्या संस्था सांगतात, कर्ज द्या, शेळ्या द्या, प्रशिक्षण द्या, मग लोक धंदा करतील. आपल्याकडे येणारे साहेबही हेच बोलतात. जणू आपल्याला धंद्याची अक्कलच नाही! आमचा सवाल एकच. विकायचा माल कुणाच्या मालकीचा, ते आधी सांगा.

टांझानिया देशाच्या दक्षिणेला किल्वा जिल्हा आहे. तिथल्या जंगलात म्पिंगो नावाचं झाड आहे, आपल्या शिसवीच्याच जातकुळीतलं. लाकूड काळंभोर, पाण्यात टाकलं तर बुडतं एवढं जड. लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजते ना, चांगली क्लॅरिनेट याच लाकडाची करतात. परदेशात त्याला मोठा भाव. पण परवाना सरकारचा, ट्रक व्यापाऱ्याचा, आणि गावाच्या हाती चिल्लर.

मग बदललं काय? लोकांची अक्कल नाही बदलली, कायदा बदलला. 1999 च्या कायद्याने गावच्या जमिनीचा कारभार गावाकडे आला. 2002 च्या वन कायद्याने गावाला स्वतःचं जंगल राखून ठेवता येऊ लागलं. हद्द गावाने आखायची, नियम गावाने करायचे, लाकूड विकलं तर पैसाही गावाचा. एक संस्था मदतीला होती. तिने झाडं मोजायला शिकवलं, गिऱ्हाईक शोधून दिलं. ते शिक्षण कामाला आलं, कारण हातात जंगल होतं. 2009 साली त्यांना जंगल नीट राखल्याचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रही मिळालं.

कोणी म्हणतं, गाववाल्यांना दिलं तर जंगल तोडून खातील. अहो, म्पिंगो कापण्याजोगा व्हायला 70 ते 100 वर्षं लागतात. दुसऱ्याच्या झाडासाठी एवढं कोण थांबेल? नातवाला मिळणार असेल तरच माणूस राखतो.

आपल्याकडे 2006 चा वनहक्क कायदा आहे. त्यात बांबू, तेंदूपान, मोहफूल यांची मालकी आपली आहे, इमारती लाकडाची नाही. तिथे लाकूडसुद्धा गावाचं! पण जे कागदावर आपलं आहे, ते तरी हातात आलं का? गडचिरोलीच्या मेंढा-लेखाने 2011 साली आपला बांबू आपल्या हक्काने विकला. मग बाकी गावांचे सामूहिक दावे कुठल्या टेबलावर धूळ खातायत?

शिबिराचा साहेब आला तर चहा पाजा, त्याचं ऐकूनही घ्या. नंतर विचारा, आमच्या दाव्याचं काय झालं? पुढच्या ग्रामसभेत हाच पहिला विषय घ्या, ठराव लिहा, पोच घेतल्याशिवाय कचेरीतून हलू नका.

जंगल आमच्या हातात द्या. धंदा आम्ही करून दाखवू!