जाड पत्र्याची भक्ती

'आमच्या वेळच्या गाडीचा पत्रा बघ, ठोकला तरी वाकायचा नाही!' प्रीमियर पद्मिनीचं कौतुक इथून सुरू होतं आणि मारुती 800ला 'डबडं' म्हणून संपतं. पहिली सेकंडहँड गाडी शोधणाऱ्या माझ्या वयाच्या लोकांनी असल्या काकांचं ऐकून पैसे घालू नयेत, म्हणून हे लिहितोय.

पत्रा वाकला नाही तर काय होतं? धडकेचा जोर कुठेतरी जिरावा लागतो. गाडीचं नाक चेपलं नाही, तर तो जोर थेट आतल्या माणसाच्या छातीत आणि मानेत जातो. जाड पत्र्याने वाचतो तो पत्रा. (800 सुरक्षित आहे असं मी म्हणत नाहीये. साडेसहाशे किलोंच्या आसपासची गाडी, एअरबॅग नाही; हायवेवर मागून ट्रक आला की माझीही पाचावर धारण बसते. पण तिला कुणी रणगाडा म्हणून विकत नाही.)

मी दोन्ही चालवल्यात. पद्मिनी म्हणजे मुळात 1960च्या दशकातली इटालियन फियाट 1100. कुर्ल्याच्या कारखान्यात ती थोड्याफार बदलांनी विसावं शतक संपत येईपर्यंत बनत राहिली. स्टिअरिंगखालीच गिअरचा दांडा, सकाळी चोक ओढायचा, तरी नाहीच झाली सुरू तर शेजाऱ्यांना धक्का मारायला बोलवायचं. बोरघाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या असलेल्या फियाटी हा एका पिढीच्या सुट्टीचाच भाग होता. 'कुठलाही मिस्त्री दोन पान्यांत दुरुस्त करायचा' हे खरंय, आणि त्या कसबाबद्दल मला आदर आहे. पण मिस्त्री सारखा लागायचा, हेही त्याच दमात सांगा ना! वर ही गाडी मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. दुसरं स्थळच नव्हतं म्हणून झालेल्या लग्नाला आता प्रेमविवाह म्हणतायत.

डिसेंबर 1983मध्ये 800 आली. 796 सीसी, तीन सिलिंडर, हलका क्लच, कुठेही वळणारी. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांनी ती लगेच उचलली. माझी आई आणि दोन्ही मावश्या 800वरच शिकल्या. आजोबांच्या पद्मिनीत त्या तिघी कायम मागच्या सीटवर. पत्र्याची जाडी मोजणाऱ्यांच्या हिशेबात हे कधीच येत नाही.

पद्मिनी हौस म्हणून घ्यायची तर खुशाल घ्या, दिसते देखणीच. रोज ऑफिसला जायचं असेल तर 2000 नंतरची, फ्युएल इंजेक्शनवाली 800 बघा. 15 वर्षं झालेल्या गाडीची नोंदणी पुन्हा करावी लागते, पुढे दर 5 वर्षांनी तेच. आरसीवरची तारीख आधी वाचा. आणि गाडी कोकणातली असेल तर पायाखालचं मॅटिंग उचलून गंज बघितल्याशिवाय किमतीचा विषयच काढू नका.