चौफुल्यावरून जाताना

आषाढी वारीत श्रीतुकोबारायांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे निघते, तेव्हा वाटेत केडगाव-चौफुला लागतो. पुढे उंडवडीचा मुक्काम करून सोहळा मोरोपंतांच्या बारामतीत येतो आणि निमगाव केतकी, इंदापूर करीत सराटीनंतर नीरा ओलांडतो. या वाटेवर आमचे उभे आयुष्य गेले. परंतु चौफुल्यावरून जो रस्ता केडगाव स्टेशनाकडे वळतो, त्याच्या टोकाशी आमच्याच विद्येची एक लेक राहून गेली, हे कीर्तनात सांगण्याचे धैर्य आम्हांस फार उशिरा झाले. ती लेक म्हणजे पंडिता रमाबाई. आजच्या पुण्यपर्वावर ख्रिस्ती झालेल्या विदुषीचे नाव कशाला, असे काही सज्जन विचारतील. त्यांच्यासाठीच हा लेखनप्रपंच.

रमाबाई पुराणिकाच्या घरी जन्मल्या. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदा सोसून पत्नीस संस्कृत शिकविले. त्या मातेने लेकीस शिकविले. तीर्थोतीर्थी पुराण सांगावे आणि मिळेल त्या दक्षिणेवर निर्वाह करावा, असा त्या कुटुंबाचा क्रम होता. बारामतीत मोरोपंतांच्या पुराणास बाबूजी नाईकांचा आश्रय लाभला. अनंतशास्त्र्यांस तसा आधार लाभला नाही. 1874 च्या सुमारास दुष्काळात मातापिता आणि थोरली बहीण अन्नावाचून गेली. ज्यांच्या मुखी भागवत होते, त्यांच्या मुखी शेवटी घास पडला नाही. त्यांनी पुराण सांगितलेल्या क्षेत्रांत अन्नछत्रे नव्हती काय?

1878 साली कलकत्त्याच्या विद्वानांनी याच कन्येस ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ म्हणून गौरविले. 1882 मध्ये वैधव्य आले आणि 1883 साली इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यामागे लोभ होता, असे म्हणणे अज्ञानाचे आहे. पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा लंडनमध्ये साध्वी करतात, हे त्यांनी पाहिले, आणि या सेवेचा उगम कोठे, याचा शोध त्या घेऊ लागल्या. तो शोध शास्त्र्याच्या लेकीस साजेल असाच होता. बाप्तिस्म्यानंतरही त्या पाद्र्यांशी व साध्वींशी वाद घालीत राहिल्या. अमुक थोर पुरुष म्हणतो म्हणून मान्य करा, हे त्यांनी तेथेही मानले नाही. पुढे हिब्रू व ग्रीक शिकून मूळ भाषांवरून त्यांनी बायबल मराठीत आणले. संस्कृतचा एवढा व्यासंग असूनही भाषा मात्र साध्या बायाबापड्यांना कळेल अशी ठेवली. 1922 साली त्यांचे निधन झाले. ग्रंथ 1924 मध्ये प्रकाशित झाला.

आता आक्षेपाचे बोलू. 1889 साली त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले. तेथील मुली ख्रिस्ती धर्माकडे वळू लागल्या, तेव्हा 1893 मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखे सहायकही दूर झाले. निराश्रिताच्या श्रद्धेस आश्रयदात्याने स्पर्श करू नये, या मताचे आम्ही आजही आहोत. परंतु 1897 सालच्या दुष्काळात मध्य प्रांतातून ज्या शेकडो मुली रमाबाईंनी केडगावी आणल्या, त्यांना न्यावयास आमच्यापैकी कोण गेले होते? आक्षेप घेण्याचा अधिकार अन्न घालून मिळवावा लागतो.

हे आम्ही इतरांस उद्देशून म्हणत नाही. सुमारे तीस वर्षांपूर्वी नीरा-नरसिंहपूरच्या आमच्या ओसरीवर एक तरुण विधवा आली होती. तिला शब्दरूपावलीपासून शिकून भागवत स्वतः वाचावयाचे होते. ‘घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून या’, एवढेच आम्ही म्हणालो. शास्त्राने तिला बंदी केली आहे, असे म्हणण्याचे धाडस नव्हते आणि या, बसा, असे म्हणण्याची हिंमतही नव्हती. ती पुन्हा आली नाही. त्याच सायंकाळी देवळात आमचे प्रल्हादाचे आख्यान फार रंगले. खांबातून देव प्रकटतो, हे आम्ही तल्लीन होऊन सांगितले. ओसरीवर कोण येऊन परतले, ते आम्हांस दिसले नव्हते.

पुढे एका गावी उत्तररंगात रमाबाईंचे चरित्र लावले, तेव्हा पुढच्या रांगेतील काही मंडळी उठून गेली. आम्हांस राग आला नाही. तीस वर्षांपूर्वी आम्हीही उठलो असतो.

रमाबाईंचा मार्ग आमचा नव्हे. आम्ही विठोबाचे, त्याच्या पायरीवरच डोळे मिटावेत, हीच इच्छा. परंतु जी वाट त्यांना आपल्या घरात मिळाली नाही म्हणून त्या बाहेर गेल्या, ती वाट आपण मोकळी केली आहे काय, हे प्रत्येक भाविक घराने स्वतःस विचारावे. एकादशीस उपवास सर्वच घरांत होईल. त्याबरोबर घरातील वा शेजारची जी स्त्री कुंकू गेल्यापासून आरतीला मागे उभी राहते, तिच्या हाती निरांजन द्यावे. तिला पोथी वाचावयाची असेल तर पाट मांडून द्यावा.

आमच्या ओसरीवर आता दर गुरुवारी दुपारी रूपावलीचा पाठ होतो. सध्या पाचजणी येतात. सहावा पाट आम्ही रोज मांडून ठेवतो.