आतला आवाज, पण कुणाचा?

एक बॅट आणि एक बॉल मिळून 110 रुपये. बॅट बॉलपेक्षा 100 रुपयांनी महाग. मग बॉल कितीला?

'दहा!' आलं ना मनात? माझ्याही आलं होतं. पण बॉल दहाचा असेल तर बॅट 110ची, म्हणजे बिल 120. खरं उत्तर पाच. शेन फ्रेडरिक यांनी 2005 मध्ये अशीच कोडी घातली, तेव्हा हार्वर्ड, एमआयटीची पोरंही मोठ्या संख्येने फसली. तेव्हा टेन्शन नॉट!

नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानमन झटपट, आपोआप चालणाऱ्या विचाराला 'सिस्टीम वन' म्हणतात. सावकाश, डोकं लावून केलेल्या विचाराला 'सिस्टीम टू'. ही दुसरी जरा आळशी. पहिलीने दिलेलं उत्तर न तपासताच सही करून मोकळी होते.

मागच्या वर्षी मला इंटर्नशिपसाठी फोन आला. 'दोनच जागा उरल्यात, अर्ध्या तासात 1,500 रुपये भरा.' बोलणं इतकं गोड, की मन म्हणालं, जेन्युइन आहे. भरले. नंबर बंद! गेले ते मेसचे पैसे होते. आईला अजून सांगितलेलं नाही.

मग मनाचा कौल ऐकायचाच नाही? तसंही नाही. गॅरी क्लाइन यांनी आगीच्या ठिकाणी क्षणात अचूक निर्णय घेणाऱ्या अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांचा अंतर्ज्ञानावर विश्वास, कानमन यांना शंका. तरी 2009 मध्ये दोघांनी मिळून लेख लिहिला. निष्कर्ष साधा: आतल्या आवाजावर विश्वास ठेवायचा, तर त्या क्षेत्रात काही ठरावीक खुणा असायला हव्यात आणि चुका कळत कळत भरपूर सराव झालेला हवा. नुसता आत्मविश्वास हा पुरावा नाही.

रोज गाडी चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर आपोआप जातो, तो सराव. माझ्या आयुष्यातला तसला फोन मात्र पहिलाच होता. माझ्या 'फीलिंग'मागे अनुभव शून्य, आणि समोरच्याने घाई लावली ती मी डोकं लावू नये म्हणूनच.

म्हणून शाखा निवडताना, पैसे पाठवताना, कुणाबद्दल पहिल्या भेटीत मत बनवताना स्वतःला एकच विचारा: हे मी आधी किती वेळा केलंय, आणि चुकलो तेव्हा मला कळलं होतं का? उत्तर 'नाही' असेल, तर एक रात्र जाऊ द्या. 'आत्ताच्या आत्ता' म्हणणाऱ्याला तर नक्कीच.

आईला आज सांगणार आहे.